पक्ष्याआधी दगड : आर्किऑप्टेरिक्सच्या वाटेवर सहा दिवस

बर्लिनच्या संग्रहालयात काचेआडचा आर्किऑप्टेरिक्स (सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या आदिम पक्ष्याचा जीवाश्म) बघून यायला दोन तास पुरतात. पण तो नीट कळायला हवा असेल तर आधी त्याचा दगड हातात घ्यावा लागतो, आणि तो दगड बर्लिनहून सुमारे ५०० किलोमीटर दक्षिणेला, बव्हेरियातल्या आल्टम्युल नदीच्या खोऱ्यात आहे. म्हणून हा प्रवास दक्षिणेकडून वर करावा: म्युनिक, आइख्श्टेट, सोल्नहोफेन आणि सगळ्यात शेवटी बर्लिन.

निघायचा वार गुरुवारच धरावा. म्युनिकचं जीवाश्म संग्रहालय शनिवार-रविवारी बंद असतं (महिन्याच्या पहिल्या रविवारी तेवढं उघडतं), तर बाकीची संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद. गुरुवारी सुरुवात केली की सोमवार आपोआप रेल्वेत जातो आणि एकही दार बंद मिळत नाही. मोसम मे ते सप्टेंबरचा. हिवाळ्यात जीवाश्म शोधणाऱ्या हौशी लोकांसाठीच्या खाणी बंद असतात आणि खाणीवाचून या प्रवासाला अर्थ नाही. वेळा दरवर्षी थोड्याफार बदलतात, तेव्हा तिकिटं काढण्याआधी एकदा तपासून घ्याव्यात.

गुरुवार : म्युनिक

क्योनिग्सप्लात्स या भुयारी रेल्वेच्या स्थानकावर उतरून पाच मिनिटं चाललं की रिखार्ड-वाग्नर रस्त्यावर संग्रहालयाची इमारत लागते. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, मात्र दुपारी चारला दार बंद होतं (शुक्रवारी दोनलाच), म्हणून सकाळीच जावं. मधल्या चौकात गोम्फोथेरियम या हत्तीच्या पुरातन नातेवाइकाचा भलामोठा सांगाडा उभा आहे. लोक तिथेच रेंगाळतात, त्यामुळे आपल्या पक्ष्यापाशी गर्दी नसते.

इथला ‘म्युनिक नमुना’ १९९२ मध्ये लांगेनआल्टहाइमजवळच्या खाणीत सापडला आणि १९९९ मध्ये १९ लाख मार्क देऊन संग्रहालयासाठी विकत घेतला गेला. पहिल्या दिवशी याच्यासमोर उभं राहून नजर तयार करायची. आर्किऑप्टेरिक्स आकाराने कावळ्याएवढा, मोठ्यात मोठा नमुना धरला तरी अर्ध्या मीटरच्या आसपास. जबड्यात दात आहेत. पंखाच्या हाताला तीन सुटी बोटं आणि प्रत्येक बोटाला नखी. शेपटी खऱ्याखुऱ्या हाडांची, वीसेक मणक्यांची. आजच्या पक्ष्यांत हे मणके आखडून शेवटी एक बुटकं हाड होतं. उडणाऱ्या पक्ष्यांच्या छातीवर उड्डाणाचे स्नायू जिथे बसतात ती हाडाची उभी धार याला नाही. पण गळ्याखाली इंग्रजी ‘व्ही’सारखं जुळलेलं हाड आहे आणि पिसं तर थेट पक्ष्याची.

पिसं पुसट असली तर हाच प्राणी काय दिसतो? छोटा डायनोसॉर. अशी फसगत इथल्या जाणकारांचीही झालेली आहे. आइख्श्टेटचा आणि सोल्नहोफेनचा नमुना आधी काँप्सोग्नाथस या कोंबडीएवढ्या डायनोसॉरचा म्हणून नोंदला गेला होता. नेदरलँड्समधल्या हार्लेमचा नमुना १८५५ मध्येच सापडला, पण तो उडत्या सरीसृपाचा समजून कपाटात पडून राहिला. १९७० मध्ये अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ जॉन ऑस्ट्रॉम यांनी तो ओळखला. पुढे २०१७ मध्ये त्याला आर्किऑप्टेरिक्समधून काढून ऑस्ट्रोमिया हे वेगळं नाव मिळालं. म्हणून काचेवरच्या पाटीआधी हाडं वाचायची सवय आजच लावून घ्यावी.

अजून एक गोष्ट इथे समजून घ्यावी, ती पुढे रोज लागते. हा दगड वहीच्या पानांसारखा उघडतो. जीवाश्म बहुतेक वेळा एका पानावर राहतो आणि समोरच्या पानावर त्याचा ठसा उमटतो. म्हणजे एका प्राण्याच्या दोन लाद्या. १८६०-६१ मध्ये सापडलेल्या सुट्या पिसाचं असंच झालं: एक लादी बर्लिनला, तिची जोडलादी म्युनिकला. त्या एका पिसावरून हेर्मान फॉन मायर यांनी १८६१ मध्ये ‘आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका’ हे नाव दिलं. पहिल्या शब्दाचा अर्थ प्राचीन पंख, दुसरा छपाईच्या दगडावरून आलेला. गंमत अशी की ते पीस याच पक्ष्याचं की दुसऱ्या कुणाचं, यावर २०१९-२०मध्येही शोधनिबंधांची लढाई झाली.

शुक्रवार : आइख्श्टेट

बव्हेरियाचं दिवसभराचं प्रादेशिक तिकीट काढलं तर कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर लागू होतं आणि जलदगती गाड्यांना चालत नाही. इंगोलश्टाटमार्गे जाणाऱ्या प्रादेशिक गाडीने साधारण दीड तासात आइख्श्टेट गाठता येतं. इथे नवखे हटकून चुकतात: ‘आइख्श्टेट बानहोफ’ हे मुख्य मार्गावरचं स्थानक गावापासून पाचेक किलोमीटर लांब आहे. तिथे उतरून समोरच्या छोट्या गाडीने ‘आइख्श्टेट श्टाट’ला जायचं. ही गाडी मुख्य गाडीच्या वेळेला जोडलेली असते. ती चुकली की पुढची येईपर्यंत फलाटावर बसून राहावं लागतं.

सामान ठेवून व्हिलिबाल्ड्सबुर्ग किल्ल्यावर चढावं. इथल्या बिशपांचा हा जुना किल्ला, आणि त्यातच जुरा संग्रहालय आहे. आइख्श्टेटचा नमुना १९५१ मध्ये जवळच्या व्होर्कर्सत्सेल गावी सापडला. त्याचं सविस्तर वर्णन पेटर व्हेल्नहोफर यांनी १९७४ मध्ये केलं. सगळ्या नमुन्यांत हा लहान, पण कवटी फार सुरेख टिकलेली. मान पाठीकडे धनुष्यासारखी वळलेली आहे. या दगडातल्या बऱ्याच सांगाड्यांची मान अशीच दिसते. पिसांचे ठसे इतके हलके आहेत की समोरून पाहिलं तर दिसतच नाहीत. काचेच्या बाजूला सरकावं, गुडघ्यात थोडं वाकावं आणि प्रकाश लादीवरून तिरका घासून येईल असा कोन शोधावा. मग पिसांच्या रेघा हळूहळू उठून येतात. फ्लॅश टाळावा. तो सरळ आदळतो आणि सगळा उठाव सपाट करून टाकतो.

याच संग्रहालयात जुराव्हेनेटर हा १९९८ मध्ये शामहाउप्टेनजवळ सापडलेला छोटा डायनोसॉर आहे. त्याच्यासमोर पुरेसा वेळ द्यावा आणि परत पक्ष्याकडे यावं. दोघांचे हात आणि पाय शेजारी शेजारी ताडून पाहिले की काँप्सोग्नाथसवाली चूक का झाली ते पुस्तकातल्या दहा पानांपेक्षा लवकर समजतं.

संध्याकाळी किल्ल्यावरून खोरं दिसतं तेव्हा त्याचा जुना नकाशा मनाशी मांडावा. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, कोमट समुद्र होता. स्पंज आणि सूक्ष्मजीवांनी बांधलेल्या टेकाडांमुळे, आणि पुढे प्रवाळांमुळे, त्याचे खोलगट कप्पे पडले होते. कप्प्यांत पाणी फारसं हलत नसे. तळाशी ते जड, खारट आणि प्राणवायूविना. तिथे पडलेल्या मृतदेहाला ओढून फाडणारं कुणी जिवंत राहत नव्हतं. वरून चुनखडीचा बारीक गाळ बसत गेला. पक्षी इथे राहणारा नव्हता. बेटांवरून येऊन पाण्यात पडलेला. म्हणूनच मासे हजारोंनी मिळतात आणि आर्किऑप्टेरिक्सचे सांगाडे दीडशेहून अधिक वर्षांत चौदाच्या आसपास.

शनिवार : ब्लूमेनबर्गची खाण

हा प्रवासाचा मुख्य दिवस. गावापासून तीन-चार किलोमीटर चढावर ब्लूमेनबर्गच्या माथ्यावर हौशी लोकांसाठी खुली खाण आहे. तिकीट माफक, हातोडा-छिन्नी भाड्याने मिळते. बर्लिनचा जगप्रसिद्ध नमुना याच ब्लूमेनबर्गवर मिळाला, ही गोष्ट इथे उभं राहून आठवावी.

बरोबर काय न्यावं: जाड तळाचे बूट, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा (छिन्नीखाली उडणारी कपची नखाएवढी पण धारदार असते), टोपी, माणशी दोन लिटर पाणी, डबा, जुनी वर्तमानपत्रं, चिकटपट्टी, पेन्सिल आणि रंगकामाचा एक मऊ ब्रश. खाणीत सावली नाही आणि दगड पांढराफटक, त्यामुळे ऊन वरून लागतं आणि खालूनही. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर चिखल लाद्यांवर पसरतो, काही दिसत नाही आणि ढिगाऱ्यावर पाय घसरतो. अशा वेळी शनिवार-रविवारची अदलाबदल करावी.

आपल्या शहाबादी फरशीची ज्यांना सवय आहे त्यांना हा दगड पाहताक्षणी ओळखीचा वाटेल. दोन्ही चुनखडीचे, दोन्ही थरांत सुटणारे, दोन्ही घरात अंथरायचे. शहाबादी मात्र याच्याहून कितीतरी जुनी. ती घडली तेव्हा जगात पक्षीच काय, मासेही नव्हते. इथले खाणकामगार थरांना दोन नावांनी ओळखतात: घट्ट, शुद्ध चुनखडीचा थर म्हणजे ‘फ्लिन्झ’ आणि दोन फ्लिन्झमधला मऊ, चिकणमाती मिसळलेला थर म्हणजे ‘फॉयले’. फ्लिन्झ फरशीला जातो. फॉयले फुसका म्हणून टाकला जातो, पण दगड उघडतो तो त्याच्याच आधाराने.

लादी निवडताना हात चारएक सेंटिमीटरपेक्षा जाड तुकड्यांकडे जाऊ देऊ नये. बऱ्याच दिवसांपासून ऊन-पाऊस आणि थंडी खाल्लेली लादी घ्यावी. तिच्या कडेवर बारीक समांतर रेघा आधीच उघडलेल्या दिसतात. नुकती काढलेली ओलसर लादी थरातून सुटण्याऐवजी मधूनच तिरकी फुटते. लादी कडेवर उभी धरावी, शक्य तर दोन पायांच्या मध्ये. छिन्नी रुंद आणि चपटी हवी, टोकदार नको. रेघेवर छिन्नी ठेवून हलके ठोके द्यावेत, एकाच जागी चार नव्हे, तर कडेकडेने सरकत एकेक. आवाज ऐकत राहावं. खणखणीत वाजणारी लादी अजून बंद आहे, आवाज पोकळ झाला की थर सुटला. मग छिन्नी बाजूला ठेवून बोटांनी उघडावं. जोरात एकच घाव घालायचा मोह सगळ्यांना होतो आणि तोच जीवाश्माच्या मधोमध तडा पाडतो.

उघडल्यावर दोन्ही पानं पाहावीत, तिरक्या उजेडात. जीवाश्म पुष्कळदा पृष्ठावर उघडा नसतो. त्याच्यावर कागदाएवढा थर असतो आणि तिथे नुसता उंचवटा दिसतो. असा उंचवटा खाणीत खरवडू नये. घरी सुईने, भिंगाखाली काम करावं.

आता काय मिळतं ते. सगळ्यात जास्त मिळतो साकोकोमा, म्हणजे तरंगत राहणारा समुद्रकमळांच्या कुळातला छोटा प्राणी. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत मधे ठिपका आणि भोवती आत वळलेले बारीक हात, कोळ्यासारखे. हा पहिला मिळाला की दिवस वाया गेला नाही असं समजावं. त्यानंतर दोरीचा गुंता टाकल्यासारखी वेटोळी दिसतात, ती विष्ठा. अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखाचे समुद्री जीव) चेपून सपाट झालेले, कधी त्यांच्या झाकणांच्या जोड्या सुट्या. नशीब जोरावर असेल तर बोटाएवढा मासा, कण्याच्या रेघेसह. पक्ष्याची आशा धरू नये.

आणि जे जीवाश्म नाही तेही ओळखता यायला हवं. लादीवर काळी-तपकिरी नाजूक नेच्याची पानं दिसली की नवखे आनंदाने ओरडतात. ती पानं नव्हेत. भेगांतून झिरपलेल्या पाण्यातल्या लोखंड-मँगनीजचे ते स्फटिक, त्यांना डेंड्राइट म्हणतात. खूण सोपी: त्यांची सुरुवात नेहमी एखाद्या भेगेपासून किंवा कडेपासून होते, नख फिरवलं तर उठाव लागत नाही आणि मधली शीर नसते. दिसतात मात्र सुंदर. जरूर आणावेत, पण खरं नाव लिहून. याच डेंड्राइटनी एकदा मोठं काम केलं आहे. १९८५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या संग्रहालयातल्या आर्किऑप्टेरिक्सच्या नमुन्यावरची पिसं नकली आहेत असा आरोप केला. लंडनच्या शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये दाखवून दिलं की लादी आणि जोडलादीवरच्या केसाएवढ्या भेगा आणि डेंड्राइट एकमेकांशी तंतोतंत जुळतात, तेही पिसांच्या भागात. वरून सिमेंट थापून ठसे उमटवले असते तर हे जुळणं शक्यच नव्हतं.

सापडलेल्या दोन्ही पानांवर पेन्सिलने एकच क्रमांक टाकावा, तारीख आणि जागा लिहावी, आणि प्रत्येक पान वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळावं. दोन पानं समोरासमोर ठेवून बांधली तर प्रवासात एकमेकांना घासतात आणि ठसा पुसतो. पाण्याने धुवू नये, फॉयले विरघळून जीवाश्मासकट निघून येतो. सावलीत वाळवून ब्रशने झटकावं. वजनाचा हिशेब संध्याकाळीच करावा: ३० बाय ३० सेंटिमीटरची, १ सेंटिमीटर जाडीची लादी सव्वादोन किलोच्या पुढे भरते. अशा पाच-सहा झाल्या की विमानाच्या सामानातली निम्मी मर्यादा संपली. स्वतःची हत्यारं नेली असतील तर ती हातातल्या पिशवीत चालत नाहीत. वेगळं, शास्त्राच्या उपयोगाचं काही वाटलं तर ते खिशात न घालता खाणीवरच्या माणसांना दाखवावं. खाणीचे नियम प्रवेशापाशी विचारून घ्यावेत.

परतताना दुकानातून रविवारचं खाणंपिणं घेऊन ठेवावं. जर्मनीत रविवारी दुकानं बंद.

रविवार : सोल्नहोफेन

आइख्श्टेट बानहोफहून त्याच मार्गावर, डोल्नश्टाइननंतर सोल्नहोफेन. रविवारी गाड्या विरळ, परतीची वेळ आधी टिपून घ्यावी. संग्रहालय स्थानकाजवळच आहे. इथला सोल्नहोफेन नमुना सगळ्या नमुन्यांत मोठा. १९८७ मध्ये तो काँप्सोग्नाथस नसून आर्किऑप्टेरिक्स असल्याचं लक्षात आलं. शेजारी एका पंखाचीच हाडं असलेला तुकडा आहे, त्याला सगळे ‘कोंबडीचा पंख’ म्हणतात.

छपाईचा विभाग मात्र घाईत उरकू नये. आलोइस झेनेफेल्डर यांनी १७९६ च्या सुमारास शोधलेली पद्धत अशी: घासून गुळगुळीत केलेल्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग तेलकट शाई फिरवायची. ओला दगड शाई घेत नाही, तेलकट रेघ घेते. त्यासाठी दगडाचा कण इतका बारीक आणि एकसारखा लागतो की तो जगात मोजक्याच ठिकाणी मिळतो. आपल्याकडे याला शिळाछाप म्हणत. गणपत कृष्णाजींचं १८३१ चं पंचांग शिळाछापावरच निघालं, आणि राजा रविवर्म्यांच्या १८९४ च्या मुंबईतल्या छापखान्यातली देवादिकांची चित्रंही याच तत्त्वावर. ज्या बारीक कणामुळे दगडावर खडूची रेघ उमटते, त्याच कणामुळे पिसाच्या तंतूचा ठसा उमटला. शिवाय छपाईचे दगड निर्दोष हवेत म्हणून कामगार प्रत्येक लादी उलटून-पालटून बघत. जीवाश्म सापडले ते त्यांच्या नजरेमुळे.

इथूनच जवळ लांगेनआल्टहाइम. १८६१ मध्ये तिथे सापडलेला सांगाडा उपचारांच्या मोबदल्यात कार्ल हेबरलाइन या डॉक्टरांकडे आला. त्यांनी तो इतर जीवाश्मांसह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला ७०० पौंडांना विकला. याच परिसरातला माक्सबर्ग नमुना मात्र १९९१ मध्ये मालकाच्या मृत्यूनंतर गायब झाला, तो आजतागायत मिळालेला नाही. त्याची जुनी छायाचित्रं आणि साचे तेवढे उरले. खासगी मालकीतल्या नमुन्यांबद्दल अभ्यासक इतके हळवे का असतात ते यावरून कळावं.

दुपारी नदीकाठाने एसलिंगेनच्या दिशेने चालत जावं. उतारावर ‘बारा प्रेषित’ नावाचे कडे रांगेने उभे आहेत. काल खाणीत जे पाहिलं तो कप्प्याचा तळ, हे कडे म्हणजे कप्पे पाडणारी स्पंजांची टेकाडं. यांत थर नाहीत, फरशी निघत नाही. पाणी अडवणारी भिंत आणि अडलेल्या पाण्याचा गाळ, दोन्ही एकाच दिवसाच्या पल्ल्यात पाहायला मिळतात.

सोमवार : रेल्वेत

इंगोलश्टाट किंवा न्युरेंबर्गमार्गे बर्लिन. जलदगती गाडीचं तिकीट आधीच काढावं, ऐनवेळी महाग पडतं. लाद्यांची पिशवी वरच्या फळीवर न ठेवता पायाशी ठेवावी. मोटार असेल तर वाटेत महामार्गालगत डेंकेनडॉर्फचं डायनोसॉर संग्रहालय घ्यावं. शामहाउप्टेनला २०१० मध्ये सापडलेला आर्किऑप्टेरिक्सचा नमुना तिथला, आणि आजवरच्या नमुन्यांत तो वयाने सगळ्यात जुना. बस-रेल्वेने मात्र तिथे जायची खटपट करू नये, दिवस मोडतो.

मंगळवार : बर्लिन

इन्व्हालिडेन रस्त्यावरचं निसर्गविज्ञान संग्रहालय भुयारी रेल्वेच्या यू-६ मार्गावर, संग्रहालयाच्याच नावाच्या स्थानकाजवळ. सकाळी उघडतानाच आत शिरावं, तासाभराने शाळांच्या सहली येतात. पहिल्या दालनात टांझानियातल्या टेंडागुरूहून आणलेला जिराफटायटन हा डायनोसॉर उभा आहे, उंची १३.२७ मीटर. त्याच्या पायाखालून पुढे निघून आधी पक्ष्याकडे जावं.

१८७४-७५ मध्ये याकोब नीमायर या शेतकऱ्याला ब्लूमेनबर्गवर ही लादी मिळाली आणि एका गाईच्या किमतीत त्याने ती देऊन टाकली. हात बदलत ती हेबरलाइन यांच्या मुलाकडे आली. १८८१ मध्ये २०,००० मार्कांना ती बर्लिनला आली. पैसे उभे केले उद्योगपती व्हेर्नर फॉन सीमेन्स यांनी. जीवशास्त्राच्या पुस्तकांत आर्किऑप्टेरिक्सचं जे छायाचित्र असतं ते बहुतेक वेळा याचंच.

लादी अंदाजे ४६ बाय ३८ सेंटिमीटरची, पंख दोन्हीकडे पसरलेले. जवळ जाऊन आधी पंखाचं एकच पीस निवडावं आणि त्याची मधली दांडी शोधावी. ती मधोमध नाही, एका कडेला सरकलेली आहे. पुढचा पडदा अरुंद, मागचा रुंद, आजच्या उडणाऱ्या पक्ष्यांसारखाच. मग शेपटी: मणक्यांच्या माळेला दोन्ही बाजूंनी पिसांच्या जोड्या, माडाच्या झावळीसारख्या. मग हाताची तीन बोटं आणि नख्या. दात दिसायला जबड्याच्या कडेला काही क्षण नजर स्थिर ठेवावी लागते. आर्किऑप्टेरिक्सच्या इतर नमुन्यांतल्या हाडांच्या भिंतींचा २०१८ मध्ये क्ष-किरणांनी अभ्यास झाला. त्यावरून हा फेझंट या रानकोंबडीच्या कुळातल्या पक्ष्यासारखा, जोर करून थोडं अंतर उडणारा असावा असं अभ्यासकांनी मांडलं.

शेवटी पक्ष्याला सोडून त्याच्या भोवतीचा मोकळा दगड पाहावा. पिवळसर, एकसारखा, कडेला किंचित थर सुटलेला. शनिवारी पायांच्या मध्ये उभा धरून ठोकला तोच.